आतलं कापड

मागची शिवण उसवली आणि आत कापडच नव्हतं. ब्लेडच्या टोकानं शेवटचा टाका तोडून तिनं कंबरपट्टीखालची घडी उलगडली, आणि बोटाला जिथं अजून एक पदर लागायला हवा होता तिथं नुसती कड लागली, धागे सुटलेली, खरखरीत. तिला वाटलं, आपण चुकून भलतीच बाजू उसवली. पँट उलटी करून तिनं खिडकीजवळ धरली. बाजू बरोबर होती. कापड संपलं होतं. रोज ढीगभर पँटी हाताखालून जाणाऱ्या बाईला यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. कापड मोजकंच असतं, कधीतरी संपतंच. पण पँट मांडीवर घेऊन ती मशीनसमोर तशीच बसून राहिली. दिवा चालू, पाय मशीनच्या पॅडलवर, आणि पाय काही हलेना.

पँट दादाची होती. गेल्या आठवड्यात वहिनीनं ती पिशवीत घालून आणून दिली होती. "हे बाहेरगावी गेलेत, लिलावाला," वहिनी म्हणाली होती, "आले की लागेल. कंबर जरा सोड." बोलताना तिनं भिंतीवरच्या दोऱ्यांच्या रिळांकडे पाहिलं होतं, जणू त्यातलं एखादं तिला विकत घ्यायचं होतं. कंबर सोड, असं या पँटीबद्दल कोणी म्हटल्याची ही पहिलीच वेळ. आजवर कोणाला म्हणावंच लागलं नव्हतं. चेन बिघडली, अस्तर विटलं, पायाची पट्टी निघाली, असं काहीतरी निमित्त घेऊन पँट तिच्याकडे यायची, ती सांगितलेलं काम करायची, आणि न सांगितलेलं काम तिच्या हातून आपोआप व्हायचं. दुकान म्हणजे एका लाँड्रीखालची तळघरातली खोली. वर कपडे धुवायचे, खाली ती ते आतबाहेर करायची: कोणाचं सैल झालेलं आत घ्यायचं, कोणाचं घट्ट झालेलं बाहेर सोडायचं. खिडकी बरोबर रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर तिला जगाचे फक्त गुडघ्याखालचे भाग दिसायचे. पँटीचं टोक बुटावर कसं पडतं एवढ्यावरून कोणत्या शिंप्यानं पाप केलंय ते ती सांगायची. माणसांची तोंडं तिला फारशी लागायची नाहीत. शरीर काय करतंय ते शिवणीत दिसतंच, आणि शिवण खोटं बोलत नाही असं बाबा म्हणायचे. शिंपी बोलू शकतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

ही पँट बाबांनीच शिवलेली. दादा पहिल्यांदा लिलावघराच्या मंचावर चढला तेव्हा बाबांनी हौसेनं राखाडी रंगाचं जाड कापड आणलं आणि कोट-पँट शिवली. दादा तेव्हा कसा, तर काठीला कपडे अडकवल्यासारखा. मागच्या शिवणीत बाबांनी भरपूर माया सोडली, शिंपी शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात ती. "वयाबरोबर माणूस भरतो," ते म्हणाले, "पोराला पुन्हा शिवावी लागायला नको." पुढं दोन वर्षांत ते गेले. आणि दादा भरत गेला. पहिल्यांदा त्यानं पँट आणली ती खिसा फाटला म्हणून. तिनं पाहिलं, बटणाचं काजं ताणून लांब झालेलं, कंबरपट्टीच्या आत दाबाचा वळ. खिसा शिवला आणि जाता जाता मागून अर्धं बोट कापड सोडून दिलं. जुन्या शिवणीची भोकं वाफेनं दाबून बुजवली. दादा पँट घालून आरशासमोर उभा राहिला, पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "बघ टाचणे, बाबांच्या हातचं माप. शरीर असं असावं, एकदा टेप लावली की आयुष्यभराची कटकट मिटली." तो इतका खूश होता की तिला खरं सांगवेना. सांगायचं तरी काय, की दादा, तुझं पोट अर्धं बोट वाढलंय? पोट कोणाचं वाढत नाही? सगळेच म्हणायचे, तब्येत सुधारली तुझी. त्यानंतर अर्ध्या बोटाचं एक बोट झालं, आणि एका बोटाचं दोन, आणि दर वेळी दादा आरशासमोर उभा राहून तेच म्हणायचा, आणि दर वेळी ती टाचण्या तोंडात धरून मान डोलवायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, ही शिंपीकामातली मोठी सोय आहे.

तिला टाचणी हे नाव बाबांनी ठेवलं होतं, कारण ती लहान होती आणि नेमकी टोचायची. दादाला गल्लीतली पोरं खटारा म्हणायची. चालू होता होईना, म्हणून. पहिल्या अक्षरावर तो अडकला की त्याची हनुवटी वर जायची, डोळे मिटायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि समोरचा माणूस आधी हसू दाबायचा, मग घड्याळाकडे बघायचा. तिला ते बघवायचं नाही. ती त्याच्याहून चार वर्षांनी लहान, पण त्याचा हात धरून उभी राहायची आणि अक्षर सुरू झालं की शब्द पुरा करायची. दादाला प... पाणी. दादाला श... शाळेतून लवकर सोडलं. घरात सगळे म्हणायचे, ही दादाची जीभ आहे, आणि तिला त्याचा कोण अभिमान. दुकानात गोळ्या घ्यायला गेले की दादा "ल..." म्हणून अडकायचा आणि ती ऐटीत सांगायची, "दादाला लिंबाची." कित्येक वर्षांनी, आपल्या आवाजात, आपल्या वेगानं, भर पंगतीत दादानं सांगितलं होतं: "मला लाल हवी असायची. पण लाल म्हणण्यापेक्षा लिंबाची खाणं सोपं होतं. बालपण आंबट गेलं ते हिच्यामुळे." सगळे हसून लोटपोट झाले. सगळ्यांत जास्त ती हसली. त्या संध्याकाळी झोपताना तिला आठवत राहिलं, की तो लिंबाची गोळी कधी चावायचा नाही, गालात धरून ठेवायचा.

एकाच ठिकाणी तो अडकायचा नाही. बाबा गिऱ्हाइकाची मापं घ्यायचे तेव्हा टेप लावून आकडा मोठ्यानं सांगायचे, आणि दादा पाटीवर लिहिता लिहिता तोच आकडा परत म्हणायचा, चूक व्हायला नको म्हणून. छाती छत्तीस. छाती छत्तीस. बाही साडेतेवीस. बाही साडेतेवीस. बाबांचा जाड आवाज आणि मागोमाग त्याचा बारीक, स्वच्छ, एकही ठेच न लागलेला. आई आतून ऐकत काम थांबवायची. कोणी त्याचा गाजावाजा केला नाही. नजर लागेल अशी भीती असावी. आता पँट मांडीवर घेऊन बसलेल्या तिला तो आवाज आला, आणि वाटलं, आपण सगळ्यांनी त्याचा गाजावाजा करायला हवा होता.

दादा लिलावघरात लागला तो सामान उचलायला. मेलेल्या माणसांची कपाटं, घड्याळं, आरसे, जोडीतली उरलेली एकच खुर्ची. तोंड उघडावं लागत नाही असं काम, म्हणून त्यानं ते घेतलं. एका दुपारी पुकारणाऱ्याचा घसा बसला आणि मालकानं गमतीनं म्हटलं, खटाऱ्या, चढ वर. त्या दिवशी हमालांनी जेवताना बाटली उघडली होती आणि दादानं दोन घोट जास्तच घेतले होते. तो चढला. पहिलं कपाट त्यानं विकलं, दुसरं विकलं, घड्याळाबद्दल असं काही बोलला की लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. एकवार, दोनवार, तीनवार. तो घरी आला तेव्हा रडत होता आणि बोलत होता, बोलत होता आणि रडत होता. आई म्हणाली, तोंडाला वास येतोय. बाबा म्हणाले, येऊ दे. त्या दिवसापासून दादा मंचावर कोरडा कधी चढला नाही. आधी चढण्यापूर्वी दोन घोट. मग उतरल्यावरही, कारण खाली उतरून लगेच खटारा व्हायचं कोणाला आवडेल. मग सकाळी, कारण सकाळी हात थरथरायचे आणि दाढी करताना कापायचं. मग कशासाठीच नाही. कशासाठी असं विचारलं की तो हसून म्हणायचा, "इंधन." लोक हसायचे. ते खरंच होतं, म्हणून तर हसायचे.

आणि ती. सगळ्यांना दोष देता येतो, मालकाला, हमालांना, येऊ दे म्हणणाऱ्या बाबांना. पण बाबा गेल्यानंतरच्या वर्षी तिच्याच घरी, तिच्याच जेवणाच्या टेबलावर, दोन ग्लास झाल्यावर दादानं बाबांची गोष्ट सांगायला घेतली. बाबा कसे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे, कसे एका जाड्या गिऱ्हाइकाला माप सांगताना अर्धा इंच हळू आवाजात सांगायचे. त्यानं बाबांचा आवाज काढला, खाकरणं काढलं, आणि बाबा टेबलावर येऊन बसले. तिला इतकी वर्षं माहीतच नव्हतं की आपला भाऊ असा आहे. त्याच्या आत हे सगळं होतं आणि ती मध्येच लिंबाची, लिंबाची करत होती. मग तो जरा थांबला, ग्लास रिकामा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी सावध छटा आली. तिला वाटलं, आता हा गप्प होईल. तिनं उठून तिसरा ग्लास भरला. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं मागितला नव्हता. तो पुढं खूप वेळ बोलला आणि ती गालावर हात ठेवून ऐकत राहिली.

पुढं तिच्या डोळ्यांनी जे पाहायचं ते पाहिलंच. पोट वाढतं तेव्हा मांड्याही भरतात, दंडही भरतात. अंगावर सगळीकडं चढतं ते वजन. दादाचं तसं नव्हतं. पोट पुढं येत होतं आणि पँटीचे पाय मात्र सैल होत होते. कोटाचे खांदे उतरले. तिनं खांद्यांत कापूस भरला आणि मागून कंबर सोडली, म्हणजे एकाच माणसाला वरून भरायचं आणि खालून उसवायचं. तळहात लालभडक, गळ्याखाली कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा, जरासा धक्का लागला की निळा डाग. डोळ्यांचा पांढरा भाग एके दिवशी पांढरा राहिला नाही. वहिनीनं बाटल्या ओतून पाहिल्या, भांडून पाहिलं, माहेरी जाऊन परत आली, आणि एकदा इथंच, या स्टुलावर बसून म्हणाली, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. लहानपणापासून तूच तर बोलतेस त्यांच्या वतीनं." ती म्हणाली, सांगते. खरंच सांगणार होती. दर वेळी तो जिना उतरतानाच बोलायला लागायचा, लाँड्रीवालीची नक्कल, मालकाच्या केसांच्या टोपाची गोष्ट, आणि तिच्या मनात यायचं, आज नको, आज इतका छान बोलतोय. ही लाजिरवाणी गोष्ट होती आणि ती तिला तेव्हाही माहीत होती.

आता काय करायचं, तर रंगाशी मिळतं कापड शोधून मागे तिकोनी तुकडा जोडायचा. कोटाखाली झाकला जाईल. राखाडीत राखाडी तिच्याकडे होतंच. तिनं चिंध्यांचा डबा ओढला, आणि त्याच वेळी खिडकीत दोन पाय थांबले. बूट नव्हते, चपला होत्या. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यांवरून ओसंडत होते. ते पाय एकाच जागी बराच वेळ उभे राहिले. मग जिन्यावर आले, कठड्याला धरून, एकेक करत. आज वरून बोलण्याचा आवाज आला नाही.

"टा... टा..."

ती उभी राहिली. हनुवटी वर, डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताठ. इतक्या वर्षांनी. तो प्यायलेला नाही, हे तिला वास घेण्याआधी कळलं.

"टाचणे," दादा म्हणाला आणि स्टुलावर टेकला. शर्टाच्या बाहीतून हात किती बारीक निघाले होते. "बा... बाहेरगावी नव्हतो गेलो. द... दवा..."

दवाखान्यात. शब्द तिच्या ओठांवर पुरा तयार होता. तिनं ओठ मिटले. बाहेर एक सायकल गेली, एक बाई थांबून बोलली आणि पुढं गेली.

"दवाखान्यात," दादा म्हणाला. "हि... हिला मीच सांगितलं, तुला सांगू नको म्हणून. एकदम सो... सोडली तर फिट येते म्हणाले. म्हणून ठे... ठेवून घेतलं, औषधं देत देत सोडवली. पोटातलं पाणी का... काढलं. पुन्हा भरतंय."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"लि... लिव्हर कडक झालंय. सोडली हे चां... चांगलं केलं म्हणाले. पण उशिरा के... केलं." तो थोडा हसला. "पुढचं कोणी नीट बो... बोलत नाही. त्यांचंही मा... माझ्यासारखंच."

तिच्या हातातली पँट त्यानं ओढून घेतली, उलटी केली आणि अंगठा मागच्या शिवणीवरून फिरवला. बाहेरचं कापड उन्हानं, धुण्यानं विटलेलं. आतून वेळोवेळी सोडलेलं कापड मात्र बाबांनी आणलं तेव्हाच्याच गडद रंगाचं, पट्टीला पट्टी लागून. वाफेनं भोकं बुजतात. रंग बुजत नाही.

"सं... संपलं?"

"संपलं."

"म... मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू सो... सोडायचीस ते. शिंप्याचा पो... पोरगा आहे मी. पहिल्याच वेळी पाहिलं."

आरशासमोरची ती थाप, ते बाबांच्या हातचं माप. "मग बोलला का नाहीस मला?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

दादानं डोळे मिटले. या वेळी फारच वेळ लागला. त्याच्या कपाळावर घाम आला आणि तिनं स्वतःच्या दोन्ही हातांनी मशीनची कड घट्ट धरून ठेवली.

"मा... माझं सगळं तूच बो... बोलायचीस," तो म्हणाला. "मला वाटलं, हे... हेही तूच बोलशील."

तिला रडू आलं. आवाज न करता, मान खाली घालून, ती भरपूर रडली. दादानं तिला थांबवलं नाही. पँटीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"प... परवा मालकांकडे जायचंय," तो म्हणाला. "सांगायला. मं... मंचावर आता नाही चढणार. को... कोरड्यानं काय पुकारणार मी? निदान नो... नोकरी सोडायला तरी पँट घालून जा... जावं म्हटलं."

"मागे तुकडा जोडते. कोटाखाली कळणार नाही."

"झा... झाकू नको. माप घे. ख... खरं."

तो उभा राहिला. तिनं गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या पोटाभोवती नेली. तिचे हात मागे एकमेकांना मिळेनात. तिला त्याच्या छातीला गाल टेकवावा लागला. आत काळीज खूप भराभर चाललं होतं. ती मागे सरली, टेपवर आकडा वाचला, आणि सवयीनं, बाबांच्या दुकानातल्या सवयीनं, मोठ्यानं सांगितला.

"कंबर सव्वाचव्वेचाळीस."

"कंबर सव्वाचव्वेचाळीस," दादा म्हणाला.

ती खाली वाकली. "मांडी अठरा."

"मांडी अठरा."

"उंची साडेएकोणचाळीस."

"उंची साडेएकोणचाळीस."

टेप हातात तशीच राहिली. तिनं वर पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, जिथं लहानपणी पाटी असायची तितक्या उंचीवर, आणि त्याची हनुवटी खाली होती, गळ्याची शीर मऊ. दोघांनीही ते ऐकलं होतं. एकवार, दोनवार, शंभर, सव्वाशे, दीडशे. आयुष्यभर तो मंचावर जे पुकारत होता त्यातलं निम्म्याहून अधिक असंच होतं, समोरून आलेला आकडा परत म्हणणं. वर मशीनमध्ये लाँड्रीवालीचे कपडे गरगरत होते.

"दादा," ती म्हणाली, "कधी कोरडा चढून पाहिलंस का रे?"

त्यानं मान हलवली. नाही. "भी... भीती वाटायची," तो म्हणाला. आणि मग, तिच्याकडे न बघता, "को... कोणी म्हटलंही नाही."

पँटीला लागणारी मापं झाली होती. दादा अजून भिंतीकडे तोंड करून, सरळ, हात खाली सोडून उभा होता, गिऱ्हाइकानं उभं राहावं तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यानं ते पुसलं नाही. तो थांबला होता. तिनं डोळे बाहीला पुसले आणि टेप त्याच्या पाठीवरून नेली.

"खांदा साडेपंधरा."

"खांदा साडेपंधरा."

"छाती चौतीस."

"छाती चौतीस," दादा म्हणाला, बारीक, स्वच्छ आवाजात.

"बाही चोवीस."

"बाही चोवीस."

गळा झाला. दंड झाला. पँटीला मनगटाचं माप लागत नाही. तिनं त्याचं मनगट हातात घेतलं, टेप फिरवली. तिच्या स्वतःच्या मनगटाएवढंच भरलं.

"मनगट सहा," ती म्हणाली.

"मनगट सहा," दादा म्हणाला, आणि दुसरा हात पुढे केला.